बाजेखालची शेगडी

घर भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात. नोकरी कायमची आहे का, पाहुणे किती येतात, खरकटं कुठं टाकता, पंखा दिवसा लावता का. नांदुऱ्याला स्टेशनाच्या मागच्या गल्लीत आम्ही नवराबायको घर बघायला गेलो, तेव्हा दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं आम्हाला खालून वर न्याहाळलं आणि एकच गोष्ट विचारली.

"अंघोळीचं पाणी कशावर तापवता?"

माझा नवरा एस.टी.त कंडक्टर. दिवसभर लोकांच्या हजार प्रश्नांना तोंड देणारा माणूस, पण तोही चाचरला. म्हणाला, "गॅसवर."

"बंब हाय का घरी?"

"गावी आहे."

"तो गावीच राहू द्या. शेगडी?"

"नाही."

"हाव तं मंग. या राहाले."

झालं. भाडं किती ते सांगायचं त्यांच्या लक्षात नाही आणि विचारायचं आमच्या लक्षात नाही. सामान आणल्यावर चार दिवसांनी तो विषय निघाला.

हे आमचे घरमालक रेल्वेत फायरमन होते. उमेदीची सगळी वर्षं वाफेच्या इंजिनात फावड्यानं कोळसा टाकण्यात गेली. पुढे डिझेल आलं, वीज आली, त्यांच्या कामाचं नाव दोनदा बदललं, पण बाबा शेवटपर्यंत स्वतःला फायरमनच म्हणवून घेत. गल्लीतली माणसं त्यांना ड्रायव्हरबाबा म्हणत, आणि बाबा दर वेळी न चुकता चिडत. "ड्रायव्हर नोको म्हणू बे. ड्रायव्हर समोर पाहे, मी आगीत पाहो." आगीत पाहून पाहून त्यांच्या भुवया एकदा जळल्या होत्या, त्या पुन्हा नीट आल्याच नाहीत. त्यामुळे चेहऱ्यावर कायम आत्ताच काहीतरी नवल ऐकल्यासारखा भाव. रागावलेत की खूश आहेत, काही कळायचं नाही.

एवढा जन्म कोळशात काढलेला माणूस, आणि कोळशावर त्यांचा राग असा की सावत्र भावावरही कुणाचा नसेल. दगडी असो की लाकडी, शेगडीतला असो की बंबातला. गल्लीत तेव्हा घरोघरी गॅस आला होता, पण बंब कोणी मोडला नव्हता. थंडीत सकाळी सात-आठ घरांतून बंबांचा धूर निघायचा, आणि शेगडी तर वांग्याच्या भरताला, शेंगा भाजायला, हातपाय शेकायला लागायचीच. बाबांचं म्हणणं, हे सगळं बंद झालं पाहिजे. आभाळ आपलं एकच आहे आणि त्यांनी एकट्यानं ते पुष्कळ काळं करून ठेवलंय, आता त्यात कोणी भर घालू नये.

त्यासाठी त्यांच्याकडे एक साक्षीदार होता. साक्षीदार म्हणजे एक पांढरंशुभ्र उपरणं. रोज पहाटे धुऊन ते गच्चीवरच्या तारेवर टाकायचं आणि दहा वाजता उतरवून, चष्मा लावून, त्यावरची काजळी शोधायची. वारा कोणत्या बाजूनं होता ते त्यांना पाठ असायचं. मग ते उपरणं खांद्यावर टाकून बाबा बरोबर त्या घरासमोर जाऊन उभे राहत आणि लाल झेंडी दाखवत. अगदी खरी, रेल्वेतली लाल झेंडी. ती त्यांच्याकडे कशी आली ते मी कधी विचारलं नाही. तोंडानं बोलायचं काही नाही. दारातली बाई बाहेर येऊन, "बाबा, पाव्हणे आले होते व, आजच्या दिस पेटवला," असं म्हणेपर्यंत झेंडी वरच.

हिरवी झेंडी पण होती म्हणे. मी एकदा म्हटलं, "बाबा, मला तरी दाखवा. मी कुठं कोळसा जाळते?"

"तू सोडला नाईस पोरी, तुह्यापाशी होताच कुठी? ज्यानं हातचा कोळसा सोता सोडला त्याले हिरवी."

"मग कोणाला दाखवलीत आजवर?"

"अजून सिग्नल भेटला नाई कोणाले," बाबा म्हणाले.

मी बोलायला तिखट आहे. हा गुण मायकडून आलाय, तिला विचारलं तर ती वडिलांकडे बोट दाखवते. एकदा स्टेशनावरून कोळशाची मालगाडी चालली होती. ती संपता संपत नाही. बाबा आणि मी गच्चीवर. मी म्हटलं, "बाबा, ही अख्खी गाडी उद्या कुठल्यातरी वीजघरात जळणार. आणि तुम्ही समोरच्या घरातल्या मावशीच्या शेगडीमागे लागलात, तिच्यात चार निखारे नसतील. तुम्हाला हसतात लोक."

बाबांनी गाडीचा शेवटचा डबा जाऊ दिला. मग म्हणाले, "त्या गाडीले माही झेंडी दिसत नाई, माय. जिले दिसते तिले दाखवतो."

 

पण बाबांचं सगळंच असं शहाणपणाचं नसे. लिंबाची गोष्ट सांगते. अंगणात एक लिंबाचं झाड होतं, बारा महिने लगडलेलं. एका उन्हाळ्यात बाबांनी गल्लीत जाहीर केलं, घरातला कोळसा आणून द्या आणि पायलीला पाच लिंबं घेऊन जा. पहिल्या आठवड्यात सगळ्या बायांनी कोपऱ्यातला, माळ्यावरचा कोळसा आणून ओतला. बाबा हरखले. दुसऱ्या आठवड्यातही कोळसा येतच राहिला. तिसऱ्या आठवड्यात तर रांग लागली. मी बाबांना म्हटलं, एवढ्या घरांत एवढा कोळसा होता कुठं? तेव्हा कळलं की बाया वखारीतून कोळसा विकत आणून बाबांकडे लिंबावर बदलत होत्या. उन्हाळ्यात लिंबू महाग, कोळसा स्वस्त. वखारवाला एवढा खूश, की बाबा दिसले की उठून रामराम घालायचा.

झाड बोडकं झालं आणि अंगणात माणसाच्या कमरेएवढा कोळशाचा ढीग उभा राहिला. उभ्या नांदुऱ्यात सगळ्यात जास्त कोळसा कोणाच्या घरी, तर कोळशाच्या वैऱ्याच्या. बाबा दोन दिवस त्या ढिगाभोवती चकरा मारत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "याचा ओटा बांधतो. खालून कोळसा भरतो, वरून फरशी. बसतीन लोकं त्याच्यावर. मातीतून आला, मातीत गेला." मग त्यांनी ओट्याच्या तीन भिंती उभ्या केल्या, आत ढीग लोटला आणि वरची फरशी काही घातली नाही. का, तर अजून जागा आहे, अजून कोणी आणून देईल.

आता त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आमच्या बाजूच्या दोन खोल्यांत बाबा कधी तडक येत नसत. दाराबाहेर उभं राहून तीन वेळा खोकायचे. पहिला खोकला आलोय म्हणून सांगायला, दुसरा पदर सावरायला, आणि तिसऱ्यावर आतून "या" आलं तरच पाय उंबऱ्याच्या आत. एकदा मी मुद्दामच "या" म्हटलं नाही. बाबा तिथूनच परत गेले आणि तास-दीड तासानं येऊन पुन्हा तीन वेळा खोकले.

तर मी दिवसांत होते. बाळंतपणाला माहेरी, धामणगाव बढ्याला जायचं ठरलं होतं. पण पोरगी घाईची निघाली. ऐन पौषात, तीन आठवडे आधीच नांदुऱ्यात झाली. ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं, हिला ऊब पाहिजे, छातीशी धरून ठेवा, आणि बसचा प्रवास अजिबात नको. म्हणून मी माहेरी जाण्याऐवजी माहेरच माझ्याकडे आलं. माय कापसाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आली. गाडीतून एकेक वस्तू उतरली. सुंभाची बाज. ओवा-शेपाची गाठोडी. डिंकाच्या लाडवाचा डबा. लोखंडी शेगडी. आणि सगळ्यात शेवटी, लाकडी कोळशाचं भरलेलं पोतं.

आमच्याकडे बाळंतीण म्हटली की बाजेवर ती आणि बाजेखाली शेगडी. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकायच्या, दारंखिडक्या लावून घ्यायच्या आणि आईला नि लेकराला सव्वा महिना शेकायचं. याच्याशिवाय बाळंतपण होतं, हे मायनं जन्मात ऐकलं नव्हतं.

दारात बाबा लाल झेंडी घेऊन उभे.

"कोण व हा बुढा?" मायनं मला विचारलं, त्यांच्या समोरच.

"हळू बोल. घरमालक आहेत."

"घर याचं असंल. बाळंतीण माही हाय."

बाबा म्हणाले, "बाळंतीण तुमची, बाई. शेगडी अथी जळणार नाई."

"काऊन? म्या हिले शेकलं, हिच्या भावाले शेकलं. माह्या मायनं मले शेकलं. मेलं का कोणी?"

मला वाटलं, आता बाबा काहीतरी जोरदार बोलतील. ते नुसते मायकडे बघत राहिले. भुवयाच नाहीत, तर चेहऱ्यावरून काय ओळखणार. मग म्हणाले, "मले दोन दिस द्या. तुमच्या शेगडीसारखा शेक नाई भेटला, तं म्या सोता पेटवून देतो तुमची शेगडी."

माय व्यवहाराला पक्की. "दोन दिस," ती म्हणाली. पोतं तोंड बांधलेलंच अंगणात ओट्यापाशी राहिलं.

बाबांनी काय केलं, तर रेल्वेतली आपली लोखंडी पेटी काढली. ड्यूटीवर न्यायची ती. आतून-बाहेरून काळा रंग दिला. झाकणाला काच पाहिजे होती. घरात भिंतीवर निवृत्तीचं प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं, त्याच्या फ्रेमची काच काढून पेटीला बसवली. प्रशस्तिपत्र तसंच उघडं खिळ्याला लटकत राहिलं आणि त्यावर पुढे पालीनं जे करायचं ते केलं. पेटीत विटा रचल्या, जुन्या धोतराच्या पुरचुंड्या करून त्यांत वाळू भरली, आणि सकाळी आठला पेटी गच्चीवर उन्हात. आमच्याकडे पौषातलं ऊनही काही लेचंपेचं नसतं.

दोन वाजता तीन खोकले. "या" म्हटल्यावर बाबा पेटी घेऊन आत आले, फडक्यानं विटा काढून बाजेखाली घमेल्यात रचल्या, पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली आणि तोंड भिंतीकडे करून मायच्या हातात दिली. मायनं विटेवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"चटका हाय," ती म्हणाली. जणू बाबांनी तिला फसवलं होतं.

"मंग?"

"वास नाई. ओव्याचा वास नाई तं कायचा शेक?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी वाळूत ओवा मिसळला. पुरचुंडी तापली आणि खोली ओव्यानं घमघमली. मायचं अर्धं भांडण तिथंच संपलं. उरलेलं अर्धं तिनं सवयीनं चालू ठेवलं. विटा गोधडीत गुंडाळल्या की संध्याकाळपर्यंत कोमट राहत. असे नऊ दिवस गेले. पोरगी दूध ओढायला लागली, मी पाठ शेकून घेत होते, बाबा दुपारी उन्हाची पेटी आणत होते आणि माय त्यांना नावं ठेवत होती. सगळं कसं सुरळीत. फक्त डिंकाचा लाडू काही मला मिळत नव्हता. मागितला की माय म्हणायची, "अजून मुरले नाई व. खाशीन ना, काय घाई हाय?"

दहाव्या दिवशी आभाळ आलं.

सकाळपासून ऊन नाही. वारा बोचरा. बाबा गच्चीवर पेटीपाशी उभे राहून वर बघत होते. सिग्नल न मिळालेली गाडी थांबावी तसे. मग खाली येऊन बाहेरूनच म्हणाले, "काळजी नोको करू. गॅसवर तापवतो विटा." आणि नेमकं त्यांचं सिलिंडर संपलेलं. आमचं तर कालच संपलं होतं, नवरा ड्यूटीवरून आला की आणणार होता. बाबा सायकलला रिकामं सिलिंडर बांधून गेले.

ते गल्लीच्या वळणाला दिसेनासे झाले आणि मायनं लाडवाचा डबा उघडला. आत एकही लाडू नव्हता. तोंडापर्यंत कोळसा.

"माय, नको," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, पोरीचे तळपाय हाताला गार लागत होते आणि मला भीती वाटत होती. शहाणपण शिकलेलं असतं, भीती आधीचीच असते. मायनं शेगडी अंगणात फुलवली, लालबुंद झाल्यावर बाजेखाली ठेवली, वरून ओवा टाकला. खिडकी लावली. दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. "नीज आता गुमान," म्हणाली आणि दार ओढून मागच्या नळावर लंगोट धुवायला गेली.

काय ऊब होती ती. पाठीखालून वर चढणारी, हाडापर्यंत जाणारी. मी पोरीला कुशीत घेतलं. डोकं जड झालं, कपाळात ठणकायला लागलं, पण ते काही वाईट वाटत नव्हतं, झोपच येत होती. पोरगी पण छान शांत होती. इतकी शांत ती कधी नसायची, हे माझ्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं. हात उचलावासा वाटेना.

मग बाहेर खोकल्याचा आवाज आला. एक. मला वाटलं, बाबा आले, दुसरा आला की पदर घ्यावा.

दुसरा आला नाही. निखाऱ्यावरच्या ओव्याचा वास दाराबाहेर गेला असणार. दार धाडकन उघडलं. दोन वर्षांत "या" म्हटल्याशिवाय उंबरा न ओलांडलेला माणूस तडक आत आला, माझ्या कुशीतून पोरगी उचलली आणि अंगणात पळाला. मागून मायचा आवाज, मग बाबा परत आले, मला दंडाला धरून उठवलं, बाहेर लिंबाखाली बसवलं. पुन्हा आत गेले आणि ती रसरसलेली शेगडी नुसत्या हातांनी धरून बाहेर आणून फेकली. मी तिथंच झाडाच्या बुंध्याशी भडाभडा ओकले.

पोरगी मायच्या ओल्या हातांत होती. रडत नव्हती. बाबा तिच्या तळव्यांना टिचक्या मारत होते. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मग तिनं तोंड वाकडं केलं, खोल श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की समोरच्या घरातली मावशी बाहेर आली. जन्मल्यावरही ती एवढी रडली नव्हती. समोरच्या मावशीनं रिक्षा आणली, दवाखान्यात दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

परत आलो तर बाबा त्या अर्धवट ओट्याच्या भिंतीवर बसलेले. दोन्ही तळहात पाण्याच्या परातीत. माय त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसली.  आमच्या घरात दोन माणसं गप्प बसलीत हे दृश्य मी पहिल्यांदाच बघत होते.

"तुमी विचारलं होतं ना, बाई," बाबा म्हणाले. "मेलं का कोणी म्हून."

मायनं मान वर केली.

"माहा पह्यला पोरगा. बारा दिसाचा. अशीच बाज, अशीच शेगडी. कोळसा म्या आणला होता, इंजिनातला, चांगला निवडून. लोकं म्हणे, सटवाईनं नेला. मंग लय वर्सांनी रेल्वेच्या शिकवणीत एका साहेबानं सांगितलं, बंद खोलीत कोळसा जळला तं माणसाले झोप लागते, अन् मंग उठत नाई. तवा समजलं." परातीतलं पाणी हललं. "घरी येऊन बायकोले सांगतलं नाई म्या. तिनं मरेपर्यंत सटवाईलेच दोष देल्ला. म्या देऊ देल्ला."

माय उठली. आत गेली, तो लाडवाचा डबा घेऊन आली आणि बाबांच्या पायाशी ठेवला. "यात हाय उरलेला," ती म्हणाली. माझी माय कोणाची माफी मागत नाही, तिला ते येतच नाही. पण त्या दिवशी परातीतलं पाणी तिनं तीनदा बदललं आणि बाबांच्या तळहातांना तूप लावायला निघाली, तेव्हा बाबा घाबरून म्हणाले, "तूप नोको बाई, तूप पोट्टीच्या मायले चारा. पाणीच पुरे." मी हसले. मग रडले. मग दोन्ही झालं.

आभाळ आणखी तीन दिवस राहिलं. बाबांनी दाराकडे पाठ करून, बाहेरूनच सांगितलं, "नर्सबाईनं सांगतलं ते काऊन करत नाई तुमी? पोट्टीले अंगाशी बांधा, कपड्याच्या आतून. माणूस म्हंजे चालतं-बोलतं बॉयलर हाय. कोळसा नाई लागत त्याले, दोन भाकरी लागते." मग मी दमले की माय, माय दमली की मी, असं आम्ही पोरीला आळीपाळीनं छातीशी बांधून तीन दिवस काढले. विटा गॅसवर तापत होत्या त्या माझ्या पाठीला. दर दोन तासांनी बाहेर तीन खोकले. आम्ही "या" म्हणायचो, पण बाबा आत येत नसत, तिथूनच विचारत, "बॉयलर गरम हाय ना?"

"हाव, गरम हाय," माय आतून ओरडायची. "तुमी जा, जेवा."

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मायनं स्वतः पेटी गच्चीवर नेली. बाबांचे हात बांधलेले होते, त्यांनी खाली उभं राहून फक्त सूचना केल्या आणि मायनं त्यातली एकही ऐकली नाही.

सव्वा महिना झाला. पोरगी बाळसं धरून गुटगुटीत दिसायला लागली होती. माय गावी जायला निघाली. गाठोडं बांधलं, बाज तिथंच ठेवली, शेगडी भंगारवाल्याला दिली आणि त्याच्याशीही भांडली. मग अंगणात गेली. ते पोतं अजून तिथंच होतं, सुतळी न सोडलेलं. मायनं सुतळी सोडली, कोणाला हात लावू दिला नाही, एकटीनं ते पोतं ओट्याच्या भिंतीवर टेकवलं आणि आत रिकामं केलं. काळा धुराळा उडाला, तिचं नवं लुगडं खराब झालं. वर तो डबाही पालथा केला.

"घाला आता फरशी," ती बाबांना म्हणाली. "अजून कोणाची वाट पाहून राह्यले?"

बाबा घरात गेले. बाहेर आले तेव्हा हातात हिरवी झेंडी होती. इतकी वर्षं घडी घालून ठेवलेली, घड्यांच्या रेषा कापडावर तशाच. त्यांनी हात लांब करून ती मायसमोर धरली आणि धरूनच राहिले.  मायला त्यातलं काय कळलं देव जाणे. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि झेंडीच्या समोरून अगदी सरळ चालत फाटकाबाहेर गेली.

पुढे नवऱ्याची बदली झाली, आम्ही बुलढाण्याला गेलो. जाता-येता नांदुऱ्याला थांबणं व्हायचं. ओट्यावर फरशी आली होती, संध्याकाळी गल्लीतल्या म्हाताऱ्या तिथं बसायच्या. बंब सगळे बंद झाले होते असं नाही. पण पाचेक घरांनी सोडला होता आणि साक्षीदार दहाऐवजी बारापर्यंत पांढरा राहत होता, हे बाबा मला दर वेळी सांगायचे.

परवाच्या थंडीत बाबा गेले. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेराव्याला मी बुलढाण्याहून गेले आणि माय धामणगावहून, बोलावणं नसताना. माय घरात गेली नाही. ओट्यावर बसली, फरशीवर तळहात ठेवून. म्हणाली, "माहं पोतं या कोपऱ्यात हाय." मग सासरहून आलेल्या बाबांच्या लेकीला विचारलं, "ती काळी पेटी काय करतान?" लेक म्हणाली, "मावशी, भंगारात चालली होती." माय म्हणाली, "माही सून दिवसांत हाय. पुढच्या मह्यन्यात पौष लागते." एवढंच बोलली आणि पेटी उचलून डोक्यावर घेतली.

धामणगावच्या बसमध्ये मीही तिच्यासोबत होते. पेटी दोन सीटच्या मधे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. कंडक्टर आमच्या ओळखीचा नव्हता, नवा पोरगा होता. त्यानं पेटीला बुटानं जरा लोटून बघितलं.

"मावशी, याचं लगेज लागंल. काय हाय आत?"

मायनं झाकण उघडलं. आत विटा, वाळूच्या पुरचुंड्या, आणि सगळ्यात वर घडी घातलेली हिरवी झेंडी. ती बाबांनी कधी ठेवली, मला माहीत नाही.

"ऊन हाय," माय म्हणाली.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं सांगतेय ती."

त्यानं मशीन काढलं आणि लगेजचं तिकीट दिलंच. मायनं ते निमूट घेतलं, झेंडीच्या घडीत ठेवलं आणि झाकण लावून, काच फुटू नये म्हणून, धामणगाव येईपर्यंत दोन्ही हात त्यावर ठेवून बसली.